चकोराची चुलतबहीण

लिस्बन, रविवार रात्र

आज पहिल्यांदाच घरी पेर्दीश भाजली. पेर्दीश म्हणजे रानातला तितर. चोच लाल, पाय लाल. ऑक्टोबर ते डिसेंबर शिकारीचा हंगाम, तेव्हाच ताजी मिळते. खाटकाने दोन साफ करून दिल्या आणि बजावलं, "जपून चावा, छर्रे असतील."

शेजारच्या आजी मूळच्या आलेंतेजूच्या, म्हणजे पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या प्रांतातल्या. त्यांनी कृती सांगितली. लसूण-मीठ कुटून घ्यायचं, त्यात 'मासा द पिमेंतांव' (मिठात मुरवलेल्या लाल ढोबळ्या मिरचीचं वाटण, रंग लालभडक, तिखटपणा शून्य), पांढरी वाइन आणि लोरूची पानं. ही पानं दिसतात आपल्या तमालपत्रासारखी, पण वास अगदी वेगळा. हे सगळं चोळून पक्षी रात्रभर ठेवले. रानात पळणाऱ्या पाखराच्या अंगावर चरबी कुठून असणार? म्हणून ती वरून पांघरायची: छातीवर खारवलेल्या डुकराच्या चरबीच्या पट्ट्या, आणि दोऱ्याने बांधायचं. मातीच्या पसरट भांड्यात ठेवून ओव्हनमध्ये 200 अंशांवर पाऊण तास, मधूनमधून खालचा रस वर ओतत.

पाऊण तासाने आजी म्हणाल्या, झालं. मला आत गुलाबी दिसलं. मटण गळेपर्यंत शिजवणाऱ्या घरातली मी, आणखी वीस मिनिटं ठेवलंच. छाती पार कोरडी झाली. तंगड्या मात्र सुरेख. कोंबडीहून गडद मांस, किंचित रानवट चव. आजी काही बोलल्या नाहीत, नुसता पावाचा तुकडा मोडून रसात बुडवला. तो रस खरंच अप्रतिम होता. एक छर्रा माझ्याच दाताखाली आला. उरलेल्या छातीचं उद्या 'एश्काबेश' करायचं, म्हणजे व्हिनेगर, तेल आणि कांद्यात मुरवायचं. तिथे कोरडेपणा लपेल.

भांडी घासून झाल्यावर सहज पेर्दीशचं शास्त्रीय नाव शोधलं. अलेक्टोरिस रूफा. खालीच जवळच्या नातेवाइकांची यादी, त्यात अलेक्टोरिस चुकार. चुकार म्हणजे आपला चकोर! चांदणं पिऊन जगणारा, शाळेत कवितेच्या अर्थात हमखास भेटणारा. त्याच्या चुलतबहिणीला मी लसूण चोळून ओव्हनमध्ये घातलं होतं.

तेवढ्यात आईचा फोन. काय केलंस आज?

"चिकन."

"कोरडं नाही ना झालं?"