धण्याचा वाफा

५ जानेवारी, सोलापूर

आज शाळेच्या परसबागेतील मेथी काढली. ५ डिसेंबरला टाकलेले बी ३१ दिवसांत काढणीला आले आणि तीन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद अशा एका वाफ्यातून अडीच किलोच्या आसपास भाजी निघाली. मुळे धुताना त्यांवरच्या बारीक गाठी मुलांना दाखवल्या. एक गाठ नखाने फोडली तेव्हा आतला गुलाबी रंग दिसला, आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देणारे जिवाणू इथेच राहतात हे पाठ्यपुस्तकातले वाक्य पहिल्यांदाच कोणाला समजावून सांगावे लागले नाही. स्वयंपाकाच्या ताईंनी भाजी दुपारच्या खिचडीत घातली. १४० मुलांत ती कितीशी पुरणार, तरीही मुले ताटातले हिरवे पान शोधून एकमेकांना दाखवत होती.

बाग सुरू करताना माझ्या मनात धास्ती होती ती पाण्याची आणि जमिनीची. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत कुदळ वीतभर खाली गेली की मुरूम लागतो. एका पालकांनी शेतातली काळी माती ट्रॉलीभर आणून दिली, परंतु ती नुसती वापरली असती तर वाळताच भेगाळली असती, म्हणून तिच्यात शेणखत आणि थोडा बारीक मुरूम मिसळून विटांच्या कडेचे उंच वाफे केले. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. त्यामुळे जेवणानंतर हात धुण्याचे पाणी दगड-विटांचे तुकडे भरलेल्या खड्ड्यातून पुढे काढले आहे. हे पाणी पपई आणि केळीपुरतेच ठेवायचे, पालेभाज्यांना मात्र झारीने स्वच्छ पाणी द्यायचे, हा नियम मी कोणालाही मोडू देत नाही. वाफ्यांच्या कडांना उसाचे पाचट अंथरल्यापासून झारीच्या फेऱ्या कमी झाल्या आहेत.

खरे लिहायचे आहे ते धण्याच्या वाफ्याविषयी. मेथीबरोबरच आम्ही किराणा दुकानातले धणे आणून तसेच पेरले होते. सतराव्या दिवशी त्या अख्ख्या वाफ्यात ११ कोंब होते. मुले रोज वाकून पाहत आणि माझ्याकडे न बघता वर्गात जात, आणि ते मला फार लागले. सातवीतल्या एका मुलीने घरी आजीला विचारले. आजी विड्या वळतात, त्यांची बोली तेलुगू, म्हणून त्या शाळेत आल्या तेव्हा नात मराठीत सांगत गेली: धणे फरशीवर पसरून चपलेखाली रगडायचे, दोन डाळी वेगळ्या होऊ द्यायच्या, मग रात्रभर भिजवून पेरायचे. त्याच गप्पांत अंबाडीचा विषय निघाला. आजी तिला गोंगुरा म्हणाल्या, कन्नड बोलणारा एक मुलगा पुंडी म्हणाला, आणि मृगात लावायच्या भाज्यांच्या यादीत तिन्ही नावे एकाच ओळीत लिहिली गेली.

२३ डिसेंबरला १०० धणे अख्खे आणि १०० धणे आजींच्या सांगण्याप्रमाणे रगडून, भिजवून शेजारशेजारी पेरले. आज मोजणी केली तेव्हा अख्ख्या धण्यांचे १९ आणि रगडलेल्यांचे ६४ कोंब भरले. मी फळ्यावर १९ टक्के, ६४ टक्के असे लिहिले. त्यावर तीच मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, एका धण्याच्या दोन डाळी झाल्या ना? मग तिकडे आपण १०० नाही, २०० पेरले." तिचे खरेच होते. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, की मग अख्ख्या धण्यातही दोन बिया असणारच. आम्ही एक धणा फोडून पाहिला, नंतर वाफ्याशी जाऊन हलक्या हाताने माती सारली, तर दोन ठिकाणी एकाच टरफलातून दोन कोंब वर आलेले दिसले. म्हणजे दोन्हीकडे २०० बिया, आणि उगवण साडेनऊ व ३२ टक्के. माझे आकडे पुसून मुलांनी त्यांचे लिहिले. शेकडेवारीची अनेक उदाहरणे मी या वर्गाकडून सोडवून घेतली आहेत, पण शेकडा नेमका कशाचा धरायचा, हा प्रश्न त्यांतल्या एकाही उदाहरणाने उपस्थित केला नव्हता, कारण तो तिथे आधीच ठरवून दिलेला असतो.

घंटा होता होता आणखी एक उणीव निघाली. रगडलेले धणे आम्ही भिजवले होते आणि अख्खे कोरडेच पेरले होते, मग गुण रगडण्याचा की भिजवण्याचा, हे आमच्या प्रयोगावरून सांगता येत नाही. हे मला आधी सुचायला हवे होते. आता चार ओळी करायच्या आहेत: अख्खे कोरडे, अख्खे भिजवलेले, रगडलेले कोरडे, रगडलेले भिजवलेले.

उद्याच पेरावे असे मुलांचे म्हणणे होते, परंतु उगवणीचे दिवस नेमके सिद्धेश्वर यात्रेत येतात. १३ ते १५ जानेवारीला तैलाभिषेक, अक्षता सोहळा आणि होम, तेव्हा कोणीही मूल नंदीध्वजांची मिरवणूक सोडून झारी घेऊन थांबणार नाही, आणि थांबावे असे मलाही वाटत नाही. उगवलेल्या वाफ्यांना शाळेशेजारी राहणारी दोन मुले सकाळी लवकर पाणी घालतील. चार ओळींची पेरणी १६ तारखेला ठरली. प्रत्येकी ५० धणे मोजून चार पुड्या मुलांनी बांधल्या आहेत. त्या कपाटात ठेवल्या आहेत, आणि दोन पुड्यांवर पेन्सिलीने लिहिले आहे, १५ तारखेला रात्री भिजवणे.