दहा वावांची रेघ नेमकी कुठून जाते?

मालवणच्या किनाऱ्यावर मासेमारीचा कुठलाही वाद निघाला की ‘दहा वाव’ हे शब्द येतातच. वाव म्हणजे पाण्याची खोली मोजायचं सहा फुटांचं माप. 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली ट्रॉलरना, म्हणजे जाळं तळावरून ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींना, किनाऱ्यालगत मनाई आहे. ती मनाई किनाऱ्यापासूनच्या अंतरावर नाही, पाण्याच्या खोलीवर ठरते. काही भागांत पाच वाव, काही भागांत दहा. रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, आणि छोट्या होडीवर जाळं लावणारे लोक म्हणतात, ट्रॉलर आत आला. ट्रॉलरवाला म्हणतो, माझ्या मशीनवर दहा वावांच्या वर खोली होती. दोघंही खरं बोलत असू शकतात, हे मला नकाशा करायला घेतल्यावर कळलं.

माझं माहेर मालवणचं. पुण्यात मी जीआयएसचं काम करते, म्हणजे रस्ते, पाणलोट, जमिनीच्या उताराचे नकाशे. गावातल्या मच्छीमारांपैकी काहींनी विचारलं, “बाय, डोंगराच्या उंचीच्या रेघा काढतंस, तशो पाण्यातल्यो काढशील?” समोच्च रेषा आणि समखोल रेषा, दोन्हींचं गणित एकच. फरक एवढाच की डोंगर दिसतो आणि समुद्राचा तळ दिसत नाही.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली. जेबको ही जगभरच्या समुद्रतळाची जाळी, म्हणजे चौकटीचौकटींत मांडलेले खोलीचे आकडे, फुकट उतरवून घेता येते. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या पुढाकाराने 1903 मध्ये सुरू झालेलं हे काम आज अक्षांश-रेखांशाच्या 15 सेकंदांच्या चौकटींपर्यंत आलं आहे. मालवणच्या अक्षांशावर अशी एक चौकट साधारण 460 बाय 445 मीटर भरते, म्हणजे वीस हेक्टरच्या थोडी वर. सिंधुदुर्ग किल्ला सुमारे 48 एकरांचा. क्षेत्रफळ पाहिलं तर अख्खा किल्ला, तटबंदी आणि बुरुजांसकट, जेबकोच्या एका चौकटीएवढा भरतो आणि त्या चौकटीला खोलीचा एकच आकडा मिळतो! क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघा काढायला दोन मिनिटं लागतात, पण किनाऱ्याजवळ त्या पायऱ्यापायऱ्यांच्या येतात. त्या घोटून गुळगुळीत केल्या की नकाशा देखणा होतो, खरा होत नाही.

जेबकोसोबत आणखी एक जाळी मिळते आणि ती फार थोडे लोक उघडतात. कुठली चौकट प्रत्यक्ष मोजलेली आहे आणि कुठली आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरलेली, ते त्यात सांकेतिक अंकांनी लिहिलेलं असतं. कुणीही समुद्रतळाचा नकाशा करायला बसणार असेल तर आधी ती जाळी रंगवून पाहावी, असं मी आग्रहाने सांगेन. आपण कशावर विसंबतो आहोत ते पाच मिनिटांत कळतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 2007 मध्ये नौदलाच्या नकाशांवरचे आकडे घेऊन उथळ भागासाठी सुधारलेली जाळी तयार केली. दूरच्या पाण्यासाठी, लाटा आणि प्रवाहांच्या गणितासाठी हे सगळं उत्तम आहे. पण इथे एका रेघेवरून भांडण होतं आणि ती रेघ किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर आहे. ती ओढायची तर पाण्यात जाऊन मोजणंच भाग होतं.

अधिकृत नकाशे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे. तो कागद मी विकत घेतला आणि त्याच्यावरून रेघा गिरवल्या नाहीत. ते त्यांचं काम आहे आणि नौकानयनासाठी तेच वापरायचं असतं. मला मात्र त्या कागदाने एक मोठी गोष्ट शिकवली, ती म्हणजे खोली कुठून मोजायची.

जमिनीवरची उंची आपण सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतो. नौकानयनाच्या नकाशावरची खोली तिथून मोजत नाहीत. ओहोटीचं पाणी जास्तीत जास्त खाली जाऊन जिथे थांबतं, त्या पातळीच्या जवळून मोजतात. हेतू साधा आहे. नकाशात लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाणी कमी मिळण्याची वेळ नावाड्यावर जवळपास कधीच येऊ नये. जेबको मात्र सरासरी समुद्रसपाटी धरतं. आमच्या बाजूला या दोन पातळ्यांत एक मीटरहून जास्त फरक पडतो. शिवाय नकाशातला किनारा भरतीच्या रेषेवर काढलेला असतो आणि शून्य खोलीची रेघ ओहोटीच्या पातळीवर. मधला पट्टा दिवसातून दोनदा बुडतो आणि दोनदा उघडा पडतो. किनाऱ्याचीच रेघ घेऊन तिला शून्य खोली म्हणणारे नकाशे मी बरेच पाहिले आहेत.

आता दहा वाव म्हणजे 18.29 मीटर. तळाचा उतार तीनशे मीटरला एक मीटर धरला, तर खोलीत एक मीटरचा फरक पडला की रेघ तीनशे मीटर सरकते. भरती-सुकतीचा फरक मुंबईकडून दक्षिणेकडे कमी होत जातो. मुंबईत उधाणाला चार मीटरच्या वर, गोव्याकडे दोनच्या आसपास. म्हणजे आमच्याकडे उधाणाच्या दिवशी एकाच मशीनवर भरतीला आणि ओहोटीला दहा वाव शोधले, तर दोन जागा मिळतील आणि त्यांच्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर असेल. भरतीची जागा किनाऱ्याच्या जवळची. दोघंही खरं बोलत असू शकतात असं वर म्हटलं ते यामुळे. खोली मोजताना वेळ आणि पातळी लिहिली नसेल तर त्या आकड्याला पुराव्याची किंमत नाही, आणि वाद मिटवायला बसलेल्या माणसांनी हे सगळ्यात आधी समजून घ्यायला हवं.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात वाचण्यासारखं काही नाही, पण त्या टाळू नयेत. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं, 29.12 चौरस किलोमीटरचं आहे. सिंधुदुर्ग आणि पद्मगडाभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. वन विभाग, बंदर खातं, पोलीस, सगळीकडे लेखी अर्ज दिले. कुठे, कधी, कशासाठी आणि कुठलं यंत्र घेऊन जाणार, ते नकाशासकट लिहिलं. वेळ लागला. आम्ही गाभ्याच्या भागात गेलो नाही.

मोजणीसाठी हिवाळा निवडला. पहाटे मतलई वारे असतात तेव्हा पाणी शांत असतं. दुपारी खारे वारे सुटले की लाटांवर होडी वरखाली होते आणि तोच वरखालीपणा खोलीच्या आकड्यात उतरतो. म्हणून उजाडता निघायचं आणि वारा पालटला की परतायचं. होडी नेहमीचीच, फायबरची. तिच्या कडेला लोखंडी नळी घट्ट बांधून खालच्या टोकाला एको साउंडरचा, म्हणजे आवाजाने खोली काढणाऱ्या यंत्राचा, ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि परत टिपणारा भाग) आणि बरोबर त्याच्या डोक्यावर जीपीएसचा अँटेना. दोन्ही एकाच उभ्या रेषेत ठेवले की जागेची दुरुस्ती करत बसावं लागत नाही. यंत्राकडून खोली आणि जागा प्रत्येक सेकंदाला लॅपटॉपमध्ये उतरत होती.

रोज निघण्याआधी एक तपासणी करायची. लोखंडी पत्रा साखळीने ट्रान्सड्यूसरच्या खाली बरोबर दोन मीटरवर, मग पाच मीटरवर सोडायचा आणि यंत्र काय दाखवतं ते पाहायचं. यंत्र खोली मोजत नाही, आवाज तळाला जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतं. त्यावरून खोली काढायला पाण्यातला आवाजाचा वेग माहीत लागतो. बरीच यंत्रं सेकंदाला 1500 मीटर हा ठरीव वेग धरतात. आपलं पाणी उबदार आणि खारं. 28 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात तो वेग 1540 च्या आसपास जातो. दहा वावांवर या एवढ्याशा फरकाने अर्ध्या मीटरची चूक होते, म्हणजे रेघ दीडशे मीटर सरकते. पत्र्याच्या तपासणीत हा फरक लगेच पकडता येतो.

धक्क्यावर पाण्यात आकडे रंगवलेली उभी पट्टी रोवली होती. माझा आतेभाऊ तिथे बसून दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी घड्याळासकट वहीत लिहायचा. सगळ्यात कंटाळवाणं काम ते आणि सगळ्यात मोलाचंही तेच. त्या वहीशिवाय होडीवरचा एकही आकडा वापरता आला नसता.

ओळी किनाऱ्याला काटकोनात धरल्या, एकमेकींपासून दोनशे मीटरवर. तळ ज्या दिशेने उतरतो त्या दिशेनेच जायचं, म्हणजे प्रत्येक ओळ सगळ्या खोल्यांना छेदते. मग किनाऱ्याला समांतर काही आडव्या ओळी. आडवी आणि उभी ओळ जिथे एकमेकींना कापतात, तिथे दोन वेगळ्या वेळी मोजलेली खोली मिळते. भरतीची दुरुस्ती केल्यावर ते दोन आकडे जुळले तर कामावर भरवसा ठेवता येतो. या जुळणीच्या आकड्यांचं पान माझं सगळ्यात आवडतं होतं, कारण तिथे कुणाच्या शब्दावर विसंबायचं नसतं.

पण ओळींच्या मध्ये जे आहे ते एको साउंडरला दिसत नाही. त्याची नजर होडीच्या थेट खाली एका अरुंद शंकूपुरती. मालवणच्या पाण्यात जागोजाग खडपं, म्हणजे पाण्याखालचे खडक, आहेत आणि दोन ओळींच्या मध्ये अख्खं खडप लपू शकतं. मल्टीबीम यंत्र रुंद पट्टा मोजतं, पण त्याचं भाडंच आमच्या आवाक्याबाहेरचं. इथे आमची होडी चालवणाऱ्या तांडेलकाकांचं ज्ञान कामाला आलं. एका जागी ते म्हणाले, “हय खडप आसा, जाळा फाटतला.” यंत्रावर तळ सपाट दिसत होता. त्यांनी किनाऱ्यावरच्या खुणा पाहिल्या. डोंगरावरचं देऊळ आणि किल्ल्याचा बुरूज एका रेषेत आणले, मग दुसऱ्या बाजूच्या दोन खुणा जुळवल्या आणि होडी थोडी उत्तरेला घेतली. तळ एकदम चार मीटर वर आला. त्यानंतर त्यांना माहीत असलेलं प्रत्येक खडप आम्ही तसंच गाठलं आणि भोवती दाट ओळी मारून मोजलं. खुणांच्या जोड्याही मी लिहून ठेवल्या. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही मोजणी आहे, आणि तिला ‘स्थानिक समजूत’ म्हणून तळटीपेत टाकणाऱ्या अहवालांचा मला राग येतो.

मग टेबलावरचं काम. प्रत्येक आकड्यात ट्रान्सड्यूसर पाण्याखाली किती होता ते मिळवायचं, वेगाची दुरुस्ती करायची, त्या मिनिटाची भरती वजा करायची. माशांचा थवा मध्ये आला की खोली अचानक कमी दिसते, तेही काढून टाकायचं. पण खरं खडपही तसंच दिसतं. त्यामुळे आपोआप पुसणारी कुठलीही युक्ती वापरली नाही, एकेक उडी डोळ्यांनी पाहिली. खाडीच्या मुखाजवळ चिखल इतका मऊ आहे की 200 किलोहर्ट्‌झचा आवाज त्याच्या वरच्या थरावरून परततो आणि 50 चा थोडा आत शिरतो. तिथे मी वरचाच तळ धरला आणि नकाशावर तसं लिहिलं.

आकड्यांमधून पृष्ठभाग तयार करायच्या दोन रीती मी करून पाहिल्या. जवळच्या आकड्याला जास्त वजन देणाऱ्या रीतीने प्रत्येक ओळीभोवती बंद वर्तुळं उमटली, डोहात खडे टाकल्यासारखी. ओळींवर आकडे दाट आणि ओळींच्या मध्ये काहीच नाही, अशा मोजणीला ती रीत जुळतच नाही. त्रिकोणांची जाळी टोकदार दिसते, पण मोजलेल्या आकड्याशी इमान राखते, म्हणून तीच ठेवली. रेघा थोड्या गुळगुळीत केल्या, मात्र जलसर्वेक्षणातला जुना नियम पाळून. रेघ सरकवायचीच झाली तर खोल बाजूला सरकवायची. उथळ आकडा कधीही खोल पट्ट्यात जाता कामा नये. सगळं काम यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या 43 उत्तर पट्ट्यात केलं, म्हणजे अंतरं मीटरमध्येच मिळाली.

शेवटी दहा वावांची रेघ एका बारीक ओळीत काढायला मी नकार दिला आणि त्यावरून मच्छीमारांच्या बैठकीत बराच वेळ बोलणं झालं. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-44 मानकात ऑर्डर 1 च्या मोजणीला सुद्धा 18 मीटर खोलीवर साधारण 55 सेंटीमीटर इतकी अनिश्चितता चालते. आमची मोजणी त्याहून चोख आहे असं मी म्हणू शकत नव्हते. म्हणून रेघेऐवजी पट्टा रंगवला, उतार कमी तिथे रुंद, जास्त तिथे अरुंद. “पट्टो कित्याक? आमका रेघ व्हयी,” असं एकजण म्हणाले. मी त्यांना सांगितलं, पट्ट्याच्या किनाऱ्याकडच्या कडेच्या आत कुणी सापडला तर त्याला भरतीचं किंवा मोजणीतल्या चुकीचं कारण देता येणार नाही. पट्ट्यातल्या जागेवर वाद होऊ शकतो, आतल्या जागेवर नाही. हे त्यांना पटलं.

नकाशावर ‘नौकानयनासाठी नाही’ असं मोठ्या अक्षरांत छापलं. खाली मोजणीचा हंगाम, पातळी कुठली धरली आणि ओळी कुठे मारल्या ते दिलं. जिथे आम्ही पोचलो नाही तो उत्तरेचा भाग पांढरा ठेवला. पट्ट्याच्या दोन्ही कडांचे बिंदू वेगळ्या कागदावर काढून दिले, अंश आणि दशांश मिनिटांत, कारण होडीवरचा जीपीएस तसेच आकडे दाखवतो. लॅपटॉपमधलं 16.0500 तिथे 16 अंश 03.000 मिनिटं असं लिहावं लागतं. तांडेलकाकांच्या मुलाने ते बिंदू त्याच्या यंत्रात भरले आणि इतर होड्यांनाही दिले. पुढच्या हंगामात पांढरा भाग मोजायचा आहे. त्यासाठीचे अर्ज या वेळी पावसाळ्यातच, होड्या वर ओढलेल्या असताना, लिहून ठेवले आहेत.