पुण्यात कुठं बर्फ पडतो?

बीएमडब्ल्यूची एम 340 आय घेतल्यापासून हा प्रश्न मला पन्नास जणांनी तरी विचारला असेल, ऑफिसात, लग्नात जेवणाच्या रांगेत, अगदी पंपावर हवा भरणाऱ्या पोरानंसुद्धा. चारही चाकांना ताकद जाते ती गाडी कशाला हवी, पुण्यात कुठं बर्फ पडतो, आणि डोंगरातच जायचं तर सरळ थार घ्यायची ना, ही एवढी बुटकी सेडान कशाला. दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकतोय, पुढच्याला लिंक पाठवता येईल.

तर बर्फ पडत नाही, पण ताम्हिणी घाटात पाऊस पडतो. माझं गाव महाडजवळ, आईबाबा तिथंच असतात, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कोथरूड, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी, विळे, माणगाव, महाड हा रस्ता ठरलेला. पावसाळ्यात वरंधा घाट बरेचदा बंदच असतो, मग हाच जवळचा रस्ता उरतो. जुलै 2024 मधे ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी तालुक्यांचा वर्षाचा पाऊस एका दिवसात. अशा रस्त्यावर मी सहा वर्षं स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस चालवली, 2017 ची, 230 हॉर्सपॉवर आणि ते सगळंच्या सगळं पुढच्या दोन चाकांवर.

गाडी झकास होती, तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण ओल्या चढावर हेअरपिन वळण घेताना ॲक्सिलरेटरवर जरा जास्त पाय दिला की आतल्या बाजूचं पुढचं चाक जागच्या जागी भिरभिरायचं, डॅशबोर्डवर ट्रॅक्शनचा पिवळा दिवा लुकलुकायचा आणि स्टिअरिंग हातात ओढ घ्यायचं. कारण साधं आहे. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार, ठरलेला. पुढच्या टायरांना त्याच पगारातून गाडी वळवायचीय आणि गाडी ओढायचीही आहे, पावसात पगार निम्मा होतो आणि खर्च तेवढेच. मागची दोन चाकं तोवर नुसती लोळत येतात, त्यांचा पगार बँकेत पडून. तो पडून असलेला पगार वापरायचा म्हणून चारही चाकांना ताकद, बस, एवढंच लॉजिक. त्याला बर्फ लागत नाही.

2023 मधे बदलायचं ठरलं तेव्हा आपल्याकडे या जातीच्या गाड्या मोजून तीन-चार. सुबारूची डब्ल्यूआरएक्स, फोक्सवागनची गोल्फ आर, टोयोटाची जीआर यारिस, या सगळ्या यूट्यूबवर बघायच्या, इथं विकायला कोणी आणत नाही. माझ्यापुरत्या उरल्या तीन, मर्सिडीजची ए 35, ऑडीची एस 5 आणि बीएमडब्ल्यूची एम 340 आय. तिन्ही 2021 मधेच आपल्याकडे आल्या. नव्या घ्यायची माझी ऐपत नाही, एम 340 आय 2021 ला आली तेव्हा शोरूमला 62 लाख 90 हजारांना लागली होती, त्यावर आपल्या महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के रोड टॅक्स आणि वर इन्शुरन्स, म्हणजे हिशोब पंचाहत्तरच्या घरात. त्यामुळे आधीपासूनच सेकंडहँड बघायची हे पक्कं होतं.

आता गंमत अशी की तिन्ही गाड्यांवर चारही चाकं चालतात असंच लिहिलेलं असतं, पण आत तिघींचा संसार वेगवेगळा आहे.

ए 35 मधे इंजिन आडवं बसवलेलं, माझ्या ऑक्टाव्हियासारखंच. मुळात ती पुढच्या चाकांची गाडी, मागच्या एक्सलजवळ क्लच आहे तो गरज पडली की ताकद मागे पाठवतो, जास्तीत जास्त निम्मी. 306 हॉर्सपॉवर, आवाज भन्नाट, आणि आपल्या चाकणलाच जुळवायचे हे ऐकून उगाच अभिमानही वाटला. पण चालवल्यावर वाटलं की ही माझीच जुनी गाडी आहे, जिम लावून आलेली. आणि सस्पेन्शन इतकं कडक की पौड रोडवरून बायको मागे बसली होती ती घरी येऊन म्हणाली, "तू घे हवी तर, मी रिक्षाने येत जाईन."

एस 5 मात्र मला खरंच आवडली होती. ऑडीची क्वाट्रो, म्हणजे त्यांची चारही चाकांना ताकद द्यायची पद्धत, हे या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. 1977 च्या आसपास फिनलंडमधे बर्फात टेस्टिंग चालू असताना इल्टिस नावाची लष्करासाठी बनवलेली 75 हॉर्सपॉवरची डबडा जीप त्यांच्याच दणकट गाड्यांना मागे टाकायला लागली, तिथून एका इंजिनिअरच्या डोक्यात आलं की हेच स्पोर्ट्स कारमधे टाकलं तर. 1980 ला जिनिव्हात गाडी दाखवली आणि पुढच्याच वर्षी मिशेल मूतों या बाईनं ती चालवत सान रेमो रॅली जिंकली, वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपमधली एखादी रॅली जिंकणारी पहिली बाई. त्या एस 5 मधे मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग, पूर्ण मेकॅनिकल होता, 40 टक्के पुढे 60 मागे, चाक घसरलं की दात्यांच्या घर्षणानं आपोआप वाटणी बदलते, कुठला कॉम्प्युटर विचार करत बसत नाही. इंजिन 354 हॉर्सपॉवरचं, व्ही सिक्स. मग घेतली का नाही? बाबांना मागे बसवून दाखवायला नेलं आणि त्या उतरत्या छताला त्यांचं डोकं आपटलं. दोनदा. शिवाय गाडी पूर्ण बाहेरून यायची त्यामुळे पार्टचे भाव ऐकून माझंही डोकं आपटल्यासारखं झालं.

राहिली एम 340 आय. ही मुळात मागच्या चाकांची गाडी, इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसवलेलं, सहा सिलिंडर एका ओळीत, तीन लिटर, 387 हॉर्सपॉवर, 500 न्यूटन मीटर, शून्य ते शंभर 4.4 सेकंद. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारा डबा आहे, त्यातला प्लेटांचा क्लच एक छोटी मोटर दाबते आणि जेवढा दाबेल तेवढी ताकद पुढे जाते. म्हणजे घरचा कर्ता मागचा एक्सल, पुढचा मदतीला. वळणातून बाहेर पडताना पाय दिला की आधी मागून कोणीतरी कमरेला हात लावून ढकलल्यासारखं वाटतं आणि मग नाक आपणहून सरळ होतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी एकटाच गाडीत मोठ्यानं हसलो होतो, सोबत शोरूमचा पोरगा होता खरं तर, तोही हसला.

शेवटी 2021 चीच मिळाली, अठरा हजार किलोमीटर झालेली, एका डीलरकडे, नव्या गाडीपेक्षा भरपूर कमी भावात. तो म्हणाला टायर एकदम नव्यासारखे आहेत सर. नक्षी खरंच चांगली होती. हे वाक्य लक्षात ठेवा.

रोजच्या वापराचं पटकन सांगतो. शहरात ॲव्हरेज सात-आठ, हायवेला शांत चालवली तर बारा-तेरा. आमच्या गल्लीतल्या तीनपैकी एका स्पीडब्रेकरला पोट घासतं, तिरकी घ्यावी लागते, मागून हॉर्न वाजतात. सकाळी थंड इंजिन चालू केलं की बेसमेंटमधे असा घुमतो आवाज की पहिल्या आठवड्यात शेजारच्या स्कूटरचा अलार्म दोनदा वाजला, आता मी गाडी सुरू करून वॉचमनकाकांना नजरेनंच सॉरी म्हणतो. एक्स्प्रेसवेवर तर ही गाडी म्हणजे नुसता मनस्ताप, सपाटीला शंभरची मर्यादा, घाटात साठ, वर कॅमेरे, आणि हिला शंभर म्हणजे झोपेतला श्वास. क्रूझ कंट्रोल लावायचा आणि गाणी ऐकायची, दुसरा उपाय नाही. एक चलान आलंच, दोन हजारांचं, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता मुद्द्याचं. हे मला कोणत्याच रिव्ह्यूमधे सापडलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेल्या जुलैची गोष्ट. बाबा पुण्याला डोळे दाखवायला आले होते, त्यांना परत सोडायला निघालो होतो. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, महाड डेपो, एकतीस वर्षं. त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवणं म्हणजे दरवेळी परीक्षा, ते काही बोलत नाहीत, फक्त समोर बघतात आणि त्यांना जिथं वाटतं तिथं उजवा पाय मॅटवर दाबतात. तिथं ब्रेक नाही, पण पाय दाबला जातो. मी आयुष्यभर त्या पायाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत गाडी चालवत आलोय.

मुळशी सोडल्यावर पाऊस भुरभुर होता, रस्ता काळाभोर ओला. चढावर गाडी इतकी मस्त चालली होती की काय सांगू. जिथं ऑक्टाव्हियाचं चाक हमखास भिरभिरायचं, तिथं पाय दिला की ही नुसती निघायची, ना दिवा, ना ओढ, ना आवाज. मला वाटलं रस्ता बरा आहे आज. इथंच माझी चूक. रस्ता बरा नव्हता, गाडी चांगली होती. जुन्या गाडीचं ते भिरभिरणारं चाक मला दर वळणाला सांगत होतं की बाबा रे, घसरडं आहे, जपून, आणि मी त्याला सहा वर्षं वैताग समजत होतो. नव्या गाडीनं तो निरोप पोचवणंच बंद केलं.

मग उतार लागला. झाडीखालचं डावं वळण, वरून सावली, कडेला शेवाळाचा हिरवट पट्टा पार लेनच्या मधोमध आलेला. वेग फार नव्हता, पन्नासच्या आसपास असेल, पण ब्रेकवर पाय ठेवायला मी एक क्षण उशीर केला कारण चढावर सगळं कसं छान चाललेलं. पाय ठेवला आणि पेडल तळपायाला कटकटकट करत धडका द्यायला लागलं, एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. स्टिअरिंग डावीकडे वळवलेलं पण एकदम हलकं, हवेत फिरवल्यासारखं, आणि गाडी सरळच चाललीय. सतराशे किलोच्या वर वजन आहे हिचं. समोरून लाल एसटी वर येत होती. मी ब्रेक जरासा सोडला, तेव्हा कुठं पुढच्या टायरांनी जमीन धरली आणि नाक आत आलं. एसटीच्या आणि माझ्या आरशात एक हातभर अंतर राहिलं असेल. तिच्या ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला, त्याचा हक्कच होता.

पुढे मोकळी जागा बघून थांबलो. हात थरथरत होते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अरे, ओढणारी चाकं चार असतील तुझी. थांबवणारी चाकं आमच्या बसलापण सगळीच होती."

खरंच आहे. चारही चाकांची ताकद गाडी हलवायला मदत करते, थांबवायला काडीचीही नाही. ब्रेक अल्टोलापण चारही चाकांना असतो. उलट ही गाडी पुढच्या वळणापर्यंत जास्त वेगानं नेऊन सोडते आणि मग सगळा भार परत त्याच टायरांच्या पगारावर.

आणि टायर! माणगावला चहाला थांबलो तेव्हा वाकून साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू बघितली. टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. माझ्या चारही टायरांवर शेवटी 21. म्हणजे नक्षी भरपूर, पण रबर चार वर्षांचं, बराच काळ उन्हात उभं राहून नखानं दाबलं तरी दबेना इतकं कडक. नव्यासारखे टायर सर!

पुण्यात येऊन चारही बदलले. दुकानातला माणूस म्हणाला होता मागचे दोनच बदला, पुढचे चालतील अजून. या प्रकारच्या गाडीत तसं करू नका. पुढचा टायर झिजलेला आणि मागचा नवा असला की दोघांच्या घेरात फरक पडतो, फरक मर्यादेबाहेर गेला की सरळ रस्त्यावरसुद्धा पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळ्या गतीनं फिरतो, ट्रान्सफर केसमधल्या क्लचला ते सतत घसरणं वाटतं आणि तो बिचारा विनाकारण झिजत राहतो. शिवाय हिचे पुढचे टायर 225 आणि मागचे 255, त्यामुळे पुढचे मागे टाकून अदलाबदल करायची सोयही नाही. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे चार घ्या, बिल बघताना खुर्चीवर बसून बघा.

चालवण्यात काय बदललं म्हणाल तर आता पावसात घाट सुरू होण्याआधी, मागे कोणी नसताना सरळ पट्ट्यावर एकदा मुद्दाम जरा दाबून ब्रेक मारून बघतो. एबीएस किती लवकर कटकट करतो त्यावरून आजचा रस्ता कसा आहे ते कळतं, भिरभिरणाऱ्या चाकाचं काम आता हे करतं. ब्रेक सगळा वळणाआधी, सरळ असतानाच. वळणात नुसता धीर धरायचा, घाई नाही, आणि स्टिअरिंग परत सरळ व्हायला लागलं की मग द्यायचा पाय. तेव्हा ही गाडी काय निघते! ती मजा तशीच आहे, उलट वाढलीय, कारण आता ती कुठं संपते ते माहितेय. आणि उतारावर स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर खाली आणतो. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हे बाबा मी बारावीत असल्यापासून सांगत होते, आठ गिअरची ऑटोमॅटिक असली की ऐकायची गरज नाही असं मला वाटायचं.

गणपतीला त्यांना परत आणायला गेलो होतो. तेच वळण, यावेळी चढावर, पाऊस बऱ्यापैकी. वळण सरलं, मी पाय दिला, गाडीनं मागून ढकललं आणि आम्ही वर. बाबांचा पाय मॅटवर तसाच पडून होता, बहुतेक झोप लागली होती. मी आवाज दिला तर डोळे न उघडता म्हणाले, "जागाय मी. पौडला वडापाव घे, भूक लागलीय."