तुम्ही विचारलंत म्हणून : अपंग म्हणू की दिव्यांग?

माझ्या डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे आधाराचा पट्ट्यांचा सांगाडा, आहे. लहानपणचा पोलिओ. त्यामुळे नवी ओळख झाली की चहा संपायच्या आत प्रश्न येतोच, "राग मानू नका, पण तुम्हाला अपंग म्हटलेलं चालतं, की दिव्यांगच म्हणायचं?"

मला अपंग चालतं. २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' सुचवला आणि बघता बघता पाट्या बदलल्या. माझ्या पायात दिव्य काही नाही. पावसाळ्यात पट्टा ओला झाला की काचतो, एवढंच. पण ज्यांना तो शब्द आवडतो त्यांच्याशी बोलताना मीही तोच वापरतो.

खरं तर मराठीत नामापेक्षा क्रियापद जास्त बोलतं. मागे एका कचेरीत दाखल्यासाठी गेलो होतो. खिडकीतल्या साहेबांनी माझ्याकडे न बघता भाच्याला सांगितलं, "दिव्यांग आहे ना तो? त्याला बसव तिकडे." मी पन्नाशीचा, भाचा बारावीतला. शब्द अगदी जीआरबरहुकूम, आणि मी 'तो'! त्याच आठवड्यात गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदाकाठी, बुधवारच्या बाजाराला गेलो. मेथीवाल्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, पाय अधू दिसतोय तुमचा. पायरीवर शेवाळ आहे. हात देऊ, का येता तुमचे तुम्ही?" माझा मीच उतरलो. दोन जुड्या मात्र जास्त घेतल्या.

आणि गरज असेल तर नेमकं बोला. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले; थॅलेसेमिया आहे, ॲसिड हल्ल्यात भाजलेलेही आहेत. सगळ्यांना एकाच शब्दात कोंबून काय कळणार? माझा एक मित्र कर्णबधिर आहे. त्याला कुणी 'मुका' म्हटलेलं खपत नाही, आणि बरोबरच आहे. तो हसला की मिसळीचं अख्खं हॉटेल वळून बघतं.

आता मी फार शहाणा आहे असं समजू नका. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टचं बिल बघून मी तावातावानं म्हणालो, "काय हा आंधळा कारभार!" शेजारी आमचे खजिनदार काका बसले होते. पूर्ण दृष्टिहीन, दर महिन्याचा हिशोब कानात इअरफोन घालून, स्क्रीन रीडरवर पै-पै ऐकून तपासतात. माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखा चोख का?"