पाठीवरची बारीक ओळ

शनिवारी सकाळी आमच्या जिममध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी सदस्याने घरच्या एकाला फुकट आणायचं अशी सवलत आहे, आणि मे महिना असला की पोरंही येतात. त्या शनिवारी साडेसातच्या सुमाराला मी केबल मशिनखाली पडलेली पिन शोधत वाकलो होतो. मागून एक बाई आल्या. सहाच्या बॅचला येतात, शाळेत शिकवतात, दोन वर्षांत कधी कसली तक्रार नाही. म्हणाल्या, "सर, जरा ट्रेडमिलपाशी येता का? बोलू नका काही. नुसतं वाचा."

आमच्याकडे ट्रेडमिल दोन ओळींत आहेत, पुढे चार, मागे चार. पुढच्या ओळीत आमचे काका चालत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय सदुसष्ट. गुडघ्याच्या डॉक्टरांनी पाठवलं म्हणून आलेले आणि आता एक दिवस खाडा न करणारे. आल्याबरोबर सगळ्यांना नमस्कार, मशीन वापरून झालं की स्वतः पुसणार, डंबेल जागच्या जागी ठेवणार. नव्या पोरांना मी त्यांचं उदाहरण द्यायचो.

त्यांच्या अंगात गडद निळा टी-शर्ट होता. छातीवर खिशाच्या जागी छोटंसं आणि पाठभर ठसठशीत पिवळ्या अक्षरांत एफबीआय. हा शर्ट मी पंधरा दिवस बघत होतो. अमेरिकेतले ते तपास अधिकारी छाप्याला जाताना असलीच जॅकिटं घालतात, आपण सिनेमात बघतो. मी तर एकदा म्हटलंही होतं, "काका, आज छापा कुठं?" ते खूश झाले होते.

त्या मोठ्या अक्षरांच्या खाली, कमरेच्या वर, एक बारीक ओळ होती. फिमेल बॉडी इन्स्पेक्टर.

बाईंची लेक चौथीत आहे. ती मागच्या ओळीत आईच्या शेजारच्या ट्रेडमिलजवळ उभी होती. तिनं ती ओळ अक्षर-अक्षर लावून वाचली आणि आईला विचारलं, "हे आजोबा बायकांचे डॉक्टर आहेत का?" हे सांगताना बाईंना हसू येत होतं, पण त्या हसत नव्हत्या. "मला माहितीय हो, त्यांना अर्थ ठाऊक नसणार," त्या म्हणाल्या. "पण वीस मिनिटं माझ्या नाकासमोर तेच आहे. आणि पलीकडच्या दोन मुली त्यांच्यापासून लांबचं मशीन धरतात. मला आज कळलं का ते."

इथं तीन आठवडे मागं जायला हवं, कारण नियम मीच केला होता.

एप्रिलच्या शेवटी एक पोरगा नवीन लागला. बावीस-तेवीसचा, अंगानं चांगला, डेडलिफ्टची बैठक स्वच्छ. तो एके संध्याकाळी छातीवर मराठीत आईवरची शिवी छापलेला टी-शर्ट घालून आला. शिवीतलं एक अक्षर गाळून तिथं फुली मारलेली. जणू फुलीमुळं कुणाला कळणारच नव्हतं. संध्याकाळी सहाला जोडपी असतात, लहान मुलांची बॅच सुटत असते. मी त्याला रिसेप्शनपाशीच थांबवलं.

त्याचं म्हणणं असं : कपडे माझे, पैसे माझे, फी भरलेली. "कुणाला आवडत नसेल तर वाचू नका ना, सर."

हे ऐकून आमचे एक वकील सदस्य क्रॉस ट्रेनरवरून उतरले. व्यायामातून सुटायला त्यांना कुठलंही निमित्त चालतं. त्यांनी त्याला आधी सांगितलं की घटनेतल्या १९व्या कलमातलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य सरकारनं तोंड दाबू नये म्हणून आहे. खासगी जिमनं फॉर्मवर लिहून सही घेतलेला कपड्यांचा नियम ही वेगळी गोष्ट. मग ते अमेरिकेत गेले. १९६८ साली लॉस एंजेलिसच्या कोर्टात कोहेन नावाचा एक तरुण सक्तीच्या लष्करभरतीला शिवी देणारं जॅकेट घालून व्हरांड्यातून हिंडत होता. तिथं बायका-मुलंही होती. त्याला तीस दिवसांची शिक्षा झाली, आणि १९७१ साली सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. ज्याला खुपतं त्यानं नजर वळवावी, असाही एक मुद्दा त्या निकालात आहे.

"बघा!" पोरगा म्हणाला.

"बघतोय की," वकील म्हणाले. "पण त्याची शिवी सरकारच्या धोरणाला होती. तुझी कुणाला आहे?"

पोरगा गप्प झाला. मी मात्र त्या नजर वळवण्यावर अडकलो. व्हरांड्यात माणूस चार पावलांत पुढं जातो. आमच्याकडं तिन्ही भिंतींना आरसे आहेत. ट्रेडमिलवरच्या माणसानं मान वळवली तर तोल जाऊन पडायची भीती, बेंचवर कुणी स्पॉट द्यायला, म्हणजे वजन सावरायला, उभं राहिलं तर त्याची छाती थेट आपल्या डोळ्यांवर. जिम ही दुसऱ्याचं अंग बघत बसायचीच जागा आहे म्हणा ना. बघायचं नाही असं ठरवलं तरी दिसतं.

पोरानं बाथरूममध्ये जाऊन शर्ट उलटा घालून व्यायाम केला. दुसऱ्या दिवशी मी असल्या मजकुराचे कपडे घालू नयेत अशी नोटीस छापून दाराशी लावली. त्याच रात्री सदस्यांच्या ग्रुपवरही टाकली. मालक म्हणाले, छान केलंस.

खरं सांगायचं तर मला हे सगळं नवीन होतं. मी कोल्हापूरकडचा. पोरपणी तालमीत गेलो. तिथं अंगावर लिहायला जागाच नसते. लंगोट, आणि ताक-हळद-तेल घालून मळलेली लाल माती. वस्तादांच्या समोर कुणी शिवी उच्चारली तर शंभर बैठका. पुण्यात ट्रेनर म्हणून आलो तेव्हा छातीवर काहीबाही लिहिलेली माणसं बघून मला वाटायचं, ही सगळी इंग्रजी वाचून, निवडून घेत असतील. तसं नसतं. तिरुपूरकडचा एक्स्पोर्टचा माल म्हणून रस्त्यावर ढीग लागतो, दोनशेला एक, पाचशेला तीन. विकणारा रंग आणि साइज बघतो, घेणाराही तेच.

आणि नियम केल्यावर मी तपासत कुणाला होतो? पोरांना. कानात बाळी असलेल्यांना, दंडावर टॅटू असलेल्यांना. माझं टेबल दाराच्या समोर आहे, त्यामुळं येणाऱ्याची मला छाती दिसते. पाठीवर काय आहे ते मागच्या ओळीतल्या बायकांना दिसतं. आणि सदुसष्ट वर्षांच्या, वाकून नमस्कार करणाऱ्या माणसाची पाठ कोण वाचतो!

तर त्या शनिवारी मी पिन हातात घेऊन उभा. काकांकडे बघतोय. तेवढ्यात शेजारच्या स्क्वॅट रॅकवरून आवाज आला, "सर." तोच पोरगा. त्यानं बार रॅकवर ठेवला, घाम पुसला आणि हळूच म्हणाला, "माझा उलटा करायला लावला होतात." एवढंच. टोमणाही धड नव्हता. त्यानं तो शर्ट पहिल्या दिवशीच वाचला होता, हे मला नंतर कळलं. त्याच्या बॅचमधल्या चौघांनी वाचला होता. फोटोही निघाला होता.

काकांना सांगायचं कसं? ट्रेडमिल थांबवून चारचौघांत सांगता येईना. आज राहू दे, सोमवारी फोन करू, असंही मनात आलं. पण मुलगी अजून तिथंच उभी होती. मी काकांच्या मशीनजवळ गेलो आणि म्हटलं, "काका, पाच मिनिटं लॉकर रूममध्ये या. बीपी बघायचंय." खोटं बोललो. बीपीचं मशीन आमच्याकडं आहे, पण ते महिनाभर बंद होतं.

लॉकर रूममध्ये मी दार लोटून घेतलं. म्हटलं, "काका, या शर्टावर काय लिहिलंय, माहितीय का?"

"हो की. अमेरिकेचे पोलीस."

"त्याच्या खाली?"

"खाली काय आहे? चष्म्याशिवाय नाही दिसत मला. कंपनीचं नाव असेल."

मी मराठीत सांगायला गेलो आणि जीभ अडकली. इंग्रजीत ते नुसतं वात्रट वाटतं. मराठीत सांगायचं म्हणजे वडिलांच्या वयाच्या माणसासमोर उभं राहून एकेक शब्द उच्चारायचा. शेवटी म्हणालो, "बायकांची अंगं तपासणारा अधिकारी."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी शर्ट काढला, पिशवीतून चष्मा काढला, शर्ट बाकावर पसरला आणि ओळ वाचली. दोनदा वाचली बहुतेक. बनियनवर बसलेला तो माणूस एकदम बारीक दिसायला लागला.

"नातीचा रिझल्ट आणायला हाच घालून गेलो होतो," ते म्हणाले. "शाळेत. सगळ्या बाई होत्या तिथं."

मी म्हटलं, "कुणी वाचलं नसेल हो."

"तुम्ही आत्ता सांगताय ते कुणीतरी वाचलं म्हणूनच ना?"

याला उत्तर नव्हतं. मग ते म्हणाले, "पंधरा दिवस. आणि एकानं सांगू नये?" मला वाटलं चिडतील, आवाज चढवतील. ते घड्याळाकडं बघत बसले. मी बाहेर जाऊन आमच्या जिमचा एक कोरा टी-शर्ट आणला. ते घेईनात. घेतला तो साडेतीनशे रुपये मोजून, पावतीसकट. निळा शर्ट त्यांनी घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवला आणि मागच्या जिन्यानं गेले. जाताना कुणाला नमस्कार केला नाही.

त्या दिवशी दुपारी मी पोराला आणि त्याच्या दोस्तांना बोलावून फोटो पुसायला लावला. पोरगा म्हणाला, "सर, मी सांगणार होतो त्यांना. पण म्हातारा माणूस, आम्ही सांगितलं तर वाटेल आम्ही उडवतोय." मी रागावणार होतो, पण थांबलो. त्या दोन मुलींनी मला तरी कुठं सांगितलं होतं? मीही बीपीचं निमित्त काढलंच होतं.

काका आठ दिवस आले नाहीत. मी दोनदा फोन केला. काकूंनी उचलला, म्हणाल्या, झोपलेत. सकाळी साडेसातला झोपणारा माणूस नव्हे तो.

नवव्या दिवशी आले. अंगात पांढरा हाफ शर्ट, कॉलरचा, खिशाला पेन. व्यायामाच्या पँटवर ऑफिसचा शर्ट! आत न येता दाराशी थांबले, चष्मा लावला आणि माझी नोटीस वाचायला लागले. वाचता वाचता मला हाक मारली.

"ही कुणी लिहिली?"

"मी."

"हे बघा, ऑफेन्सिव्ह म्हणजे मला अंदाजानं कळतं. व्हल्गर कळतं. पण माझ्यासारख्यानं ही नोटीस वाचली तरी त्याला आपला शर्ट कसा वाचता येणार? आणि इंग्रजीत कशाला? इथं येणारे निम्मे लोक बारामती, सातारा, लातूरचे. शिवी मराठीत आणि नियम इंग्रजीत!"

मला खरोखर सुचलंच नव्हतं. जिममधल्या सगळ्या पाट्या इंग्रजीत असतात, म्हणून हीही तशीच केली.

काका रिसेप्शनच्या स्टुलावर बसले आणि कागद मागितला. आता ऑफेन्सिव्हला मराठी काय घालायचं, यावर आमचं अर्धा तास चाललं. मी म्हटलं, अश्लील. ते म्हणाले, अश्लील म्हटलं की लोक चित्र शोधतात. कुणाच्या जातीवर, देवावर, रंगावर लिहिलेलं असलं तर ते अश्लील नाही, तरी खुपतंच. मी म्हटलं, आक्षेपार्ह. ते म्हणाले, हा आमच्या फायलीतला शब्द आहे, तो वाचून कुणी शर्ट बदलत नाही. तेवढ्यात शाळेतल्या बाई आल्या. काका उठून उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडं बघून नेहमीसारखा नमस्कार केला आणि कागदावर वाकून म्हणाल्या, "सोपं लिहा ना. जे आपल्या लेकराला मोठ्यानं वाचून दाखवता येणार नाही, ते."

काकांनी ते घेतलं, पण स्वतःच्या भाषेत. तीस वर्षं टिपणं लिहिलेला हात तो. नोटीस अजून दाराशी आहे, त्यांच्याच अक्षरात, मी टाइप करू दिली नाही :

"सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, अंगावरील कपड्यांवर जो मजकूर घरातील लहान मुलास मोठ्याने वाचून दाखविता येणार नाही, असा मजकूर असलेले कपडे येथे घालू नयेत. मजकुराचा अर्थ माहीत नसल्यास रिसेप्शनवर विचारावे. विचारणाऱ्यास कोणी हसू नये."

शेवटचं वाक्य मी काढा म्हटलं होतं. त्यांनी काढलं नाही.

आता लोक खरंच विचारतात. रिसेप्शनवरची मुलगी फोनचा कॅमेरा लावून कोरियन, चिनी, काय काय वाचते. परवा एक जण पाठमोरा उभा राहिला, म्हणाला, ताई हे बघा बरं जरा. ओळीचा अर्थ निघाला, थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावे. काका शेजारी सायकलवर होते. सायकल थांबवून ते म्हणाले, "चालेल. याला परवानगी आहे."