शंभर रुपयांची कपात

मार्च २०१८ मध्ये मी दिल्लीत एका खासदारांकडे संसदीय कामकाजाचा सहायक होतो. अर्थसंकल्प मांडला गेला की अनुदानांच्या मागण्यांची, म्हणजे मंत्रालयांनी लोकसभेकडे मागितलेल्या खर्चाच्या प्रस्तावांची, पुस्तके चाळून भाषणाची टिपणे करायची, हे आमचे ठरलेले काम. त्या वर्षी माझ्या वाट्याला संरक्षण खाते आले. निवृत्तिवेतन वगळून २,९५,५११ कोटी रुपयांची तरतूद होती.

१३ मार्चला संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल पटलावर आले. समितीचे अध्यक्ष निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी होते. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीपुढे दिलेली साक्ष मी पुन्हा पुन्हा वाचली: ६८ टक्के सामग्री जुनाट, अत्याधुनिक अवघी ८ टक्के, आधुनिकीकरणासाठी मिळालेल्या २१,३३८ कोटींतून आधीच्या व्यवहारांचे देणे असलेले २९,०३३ कोटीही भागणार नव्हते, मग नव्या खरेदीचे नावच नको. बंद दाराआड, पक्षभेद बाजूला ठेवून इतके नेमके काम होते, याचे श्रेय सदस्यांना द्यायलाच हवे.

बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते ते असे, की राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ नुसार लोकसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा तिची रक्कम घटवू शकते; वाढवू मात्र शकत नाही. त्यामुळे सैन्याला पैसा अपुरा पडतो हे गाऱ्हाणे सूचनेद्वारे मांडायचे, तरी त्याच मागणीत शंभर रुपयांची प्रतीकात्मक कपात सुचवावी लागते. या सूचनेत युक्तिवाद चालत नाही, विशेषण चालत नाही आणि ती एकाच मागणीपुरती असावी लागते. मी ती बराच वेळ घासूनपुसून लिहिली. इतका घट्ट मसुदा माझ्या हातून क्वचितच उतरला असेल.

सहायकाला सभागृहात प्रवेश नसल्याने १४ मार्चला मी कार्यालयातच लोकसभा टीव्हीसमोर बसलो होतो. घोषणांच्या गदारोळात गिलोटिन लागले, म्हणजे साऱ्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकल्या गेल्या. विनियोजन (मंजूर खर्चासाठी तिजोरीतून पैसे काढण्याचे) आणि वित्त (करांचे) विधेयकेही त्याच ओघात, साधारण अर्ध्या तासात, आवाजी मतदानाने संमत झाली. अधिवेशन ६ एप्रिलपर्यंत चालणार होते, तरीही ही घाई झाली. गोंधळ घालणारे बाक आणि त्या गोंधळाचा आडोसा घेणारे बाक, दोघांनाही मी सारखेच जबाबदार धरतो.

आमचे खासदार शांतपणे म्हणाले, "समितीत सगळे बोलून झाले आहे, अहवालही छापला गेला आहे, आणखी काय हवे?" मला ते तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात; मंत्रालय पुढे त्यांवर कृती-अहवाल देते, तोवर पैसे मंजूर झालेले असतात. उपप्रमुखांनी मांडलेली तूट कशी भरणार, हे संरक्षणमंत्र्यांना मतदानाआधी, सर्वांसमक्ष विचारण्याची जागा सभागृहातली चर्चाच होती.