डिस्चार्ज, पण कुणाचा?

हॉस्पिटलातल्या पेशंट मॉनिटरवर एक बटण असतं. ते दाबलं की पेशंटचं नाव, रात्रभराचे ट्रेंड, बदललेल्या अलार्म-मर्यादा असं सगळं पुसलं जातं आणि मॉनिटर पुढच्या पेशंटसाठी कोरा होतो. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं 'डिस्चार्ज'. आमच्याकडे आलेल्या मॉनिटरच्या सर्व्हिस मेनूत बॅटरी तपासण्यासाठी ती पूर्ण उतरवायचं बटण होतं, त्यावरही 'डिस्चार्ज'. सोबतच्या नर्सिंग नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये जखमेच्या तक्त्यात एक रकाना होता, 'डिस्चार्ज', म्हणजे जखमेतून येणारा स्राव. आणि आम्हाला दिलेल्या फाइलमध्ये या तिन्हींना मिळून एकच स्ट्रिंग, म्हणजे स्क्रीनवरच्या मजकुराची भाषांतरासाठी दिलेली एकच नोंद.

मी पुण्यात एका लोकलायझेशन कंपनीत, म्हणजे सॉफ्टवेअरवरचा मजकूर वेगवेगळ्या भाषांत करून देणाऱ्या कंपनीत, काम करते. ज्या भाषांच्या फाइली माझ्या हातून जातात त्यातल्या बहुतेक मला येत नाहीत, आणि यायची गरजही नसते. बाहेरच्यांना वाटतं की भाषांतरकार स्क्रीन बघून भाषांतर करतो. स्क्रीन कुठली! त्याला दिसतात दोन रकाने, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामी जागा. आमची फाइल तर अक्षरक्रमाने लावलेली होती, त्यामुळे हा 'डिस्चार्ज' बसला होता 'डिसेबल' आणि 'डिस्कनेक्ट' यांच्या मधे. असा शेजार मिळाल्यावर काय अर्थ लावायचा?

क्रोएशिया जुलै 2013 मध्ये युरोपीय संघात गेला. तिथे वैद्यकीय उपकरण विकायचं तर त्यावरची आणि सोबतची माहिती त्या देशाने ठरवलेल्या भाषेत द्यावी लागते. म्हणून आमच्या फाइलीच्या भाषांत क्रोएशियनही होती. क्रोएशियाच्या राजधानीतल्या, झाग्रेबच्या भाषांतरकार बाईंनी क्वेरी शीटमध्ये, म्हणजे शंका विचारायच्या तक्त्यात, 'डिस्चार्ज'समोर लिहिलं होतं: कोण, कुणाला, आणि हे करायचं आहे, होतंय की होऊन गेलंय?

आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरची प्रतिक्रिया, "अगं, बाकी एकाही भाषेने विचारलं नाही. हिलाच कसं काय पडलंय? जास्तीत जास्त ठिकाणी चालेल ते टाक म्हणावं." आमच्या धंद्यात प्रश्न विचारणारा भाषांतरकार 'स्लो' ठरतो आणि न विचारता ठोकून देणारा 'रिलायेबल'. हे मी रोज बघते.

बाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं ते असं. पेशंटला घरी सोडायचं तर क्रियापद 'ओतपुस्तिती'. डिस्चार्ज कार्डासारखं जे पत्र हातात पडतं ते 'ओतपुस्नो पिस्मो'. हेच क्रियापद कामगाराला नोकरीवरून काढण्यालाही चालतं. बॅटरीला मात्र ते लागत नाही; तिथे 'रिकामं करणं' या अर्थाचं 'इस्प्राझ्निती'. जखमेच्या स्रावाला तर क्रियापदच नाही, वेगळं नाम. बरं, एवढ्यावर भागत नाही. क्रोएशियनमध्ये जवळपास प्रत्येक क्रियेची जोडी असते, एक क्रिया पुरी झाल्याची आणि एक चालू असल्याची. म्हणजे बॅटरी उतरतेय याला एक रूप आणि उतरवून टाक याला दुसरं. बटणावर आज्ञार्थ हवा, रकान्याच्या डोक्यावर नाम. पेशंटच्या स्थितीत 'सोडला' की 'सोडली' ते पेशंट पाहून ठरणार. इंग्रजी एका शब्दात जे गुंडाळून पुढे जातं, ते इथे सोडवल्याशिवाय पानावर एक अक्षर उतरत नाही.

"मी तिन्हीकडे 'ओतपुस्ती' लिहिलं, तर तंत्रज्ञ बॅटरीला घरी सोडेल," त्या म्हणाल्या. "आणि 'इस्प्राझ्नी' लिहिलं तर नर्स पेशंटला रिकामं करेल."

मला खरं खटकलं ते दुसरंच. ही फाइल आमच्या ऑफिसात किती जणांच्या डोळ्यांखालून गेली होती, आणि कुणालाच तो शब्द अडला नव्हता. अडणार कसा? आपल्याकडे आजोबांना डिस्चार्ज मिळतो, मोबाइल डिस्चार्ज होतो आणि जखमेतूनही डिस्चार्जच येतो. तिन्ही आपण इंग्रजीतूनच उचललेत, आणि संदर्भ समोर असल्याने गोंधळही होत नाही. उद्या हेच सॉफ्टवेअर मराठीत आलं तर आम्ही देवनागरीत 'डिस्चार्ज' लिहून मोकळे होऊ, आणि ते तिन्ही ठिकाणी चालूनही जाईल.

मग मी डिलिव्हर झालेल्या भाषा उघडल्या. जर्मनमध्ये 'एन्टलासुंग', म्हणजे पेशंटला सोडणं. स्ट्रिंग एकच, म्हणजे बॅटरीच्या बटणावरही तेच जाणार; तिथे हवं होतं 'एन्टलाडुंग'. फ्रेंचमध्ये उलटं, बॅटरीचा शब्द पेशंटला लागलेला. दोन्ही फाइली रिव्ह्यू होऊन, हिरव्या टिकमार्कसह मंजूर झालेल्या. रिव्ह्यू करणाऱ्यालाही तेच दोन रकाने दिसतात, त्यामुळे तो बरोबरच म्हणणार.

क्लायंटकडे मागणी गेली की या स्ट्रिंगचे तीन तुकडे करा आणि प्रत्येकाला वेगळी ओळख द्या. इंजिनिअरचं उत्तर आलं, की इंग्रजीत तर काहीच बदलत नाही, मग कोडला हात का लावायचा? त्याला स्क्रीनशॉट पाठवले, तिन्ही जागांवर लाल चौकोन काढून. मॉनिटरवर चुकीचं बटण दाबलं तर रात्रभराची नोंद जाते, हे वाक्य मेलच्या पहिल्याच ओळीत घातलं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी तुकडे झाले. नोंदीच्या भीतीने झाले, व्याकरणाने नाही.

झाग्रेबच्या बाईंनी या प्रश्नांच्या वेळेचं एका तासाचं बिल लावलं. अकाउंट्सने ते परत पाठवलंय. आमच्याकडे पैसे शब्दांवर मिळतात, आणि त्यांच्या हिशेबाने नवे शब्द झाले दोन. तीन तुकड्यांपैकी एक आधीच मोजलेला होता. मी ते बिल पुन्हा वर पाठवलं आहे, या वेळी जर्मन आणि फ्रेंच फाइलींच्या दुरुस्तीचा खर्च शेजारी लिहून.